उत्तर न मागणारी आज्ञा

मनुष्याच्या व्यवहारांत आज्ञेइतकी जुनी वस्तु क्वचितच सांपडेल. बाप मुलास आज्ञा करितो, धनी चाकरास करितो, सेनापति सैनिकास करितो. आणि या सर्व आज्ञांच्या मागें एक प्रश्न नेहमीं उभा असतो. दिलेली आज्ञा पोंचली कीं नाहीं, समजली कीं नाहीं व अमलांत आली कीं नाहीं, याची चौकशी करण्याचें कर्तव्य आज्ञा करणारावर आहे काय? आज्ञा पाळणाराच्या कर्तव्याविषयीं आपण पुष्कळ बोलतों. आज्ञा देणाराच्या या दुसऱ्या कर्तव्याविषयीं मानानें फार थोडें बोलतों. या प्रश्नाचा विचार करण्यास आम्ही आज एक काहींशी अनपेक्षित जागा निवडली आहे. ती म्हणजे नाट्यगृह, आणि त्यांतही प्रेक्षकांच्या दृष्टीस कधीं न पडणारी एक वस्तु: ध्वनीचे व प्रकाशाचे संकेत वाहून नेणारी, लेखणीहून फारशी जाड नसलेली, संगणकांच्या जाळ्याची साधी तार.

हा विषय यंत्रज्ञांचा आहे, त्याचा नीतीशीं काय संबंध, असें कित्येक वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु यंत्र म्हणजे कोणा मनुष्यानें घेतलेल्या निर्णयांचें मूर्त रूपच होय. कोणती चूक सोसावयाची आणि कोणती सोसावयाची नाहीं, उशीर पत्करावा कीं नुकसान पत्करावें, आणि तें नुकसान कोणाच्या अंगावर पडूं द्यावें, हें यंत्र बनविणारानें आधींच ठरविलेलें असतें. असा निर्णय जेथें आहे तेथें नीतीचा प्रश्न असावयाचाच. मग तो न्यायासनावर बसून घेतलेला असो कीं तारेच्या दोन टोकांमध्यें लपलेला असो.

रंगभूमि आणि तार यांच्या संबंधाचा विचार करतांना १८८१ हें साल विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं पॅरिस येथें भरलेल्या विद्युत्-प्रदर्शनांत क्लेमां आदेर या फ्रेंच यंत्रज्ञानें तेथील ऑपेरागृहाच्या रंगभूमीवर टेलिफोनचे प्रेषक मांडून ते तारांनीं प्रदर्शनाच्या इमारतीशीं जोडले. आणि दोन्ही कानांशीं एकेक टेलिफोन धरून उभ्या राहिलेल्या लोकांस दूर चाललेलें गायन ऐकूं आलें. त्याच वर्षीं लंडनमध्यें सॅव्हॉय नाट्यगृह उघडलें, आणि २८ डिसेंबर रोजीं त्याची रंगभूमि विजेच्या दिव्यांनीं उजळली. जोसेफ स्वान यानें बनविलेले सुमारें १२०० दिवे त्या गृहांत होते. विजेच्या दिव्यानें आग लागेल या भीतीचें निरसन करण्यासाठीं मालक रिचर्ड डॉयली कार्ट यानें स्वतः रंगभूमीवर येऊन एक पेटता दिवा तलम कापडांत गुंडाळून फोडला, व कापडास डागही लागला नाहीं हें प्रेक्षकांस दाखविलें. पण इतका आत्मविश्वास असतांही वीज दगा देईल तर उपयोगी पडावा म्हणून गॅसचा बंदोबस्त त्यानें तयार ठेविलाच होता.

याच डिसेंबरच्या ८ तारखेस व्हिएन्ना शहरांतील रिंग नाट्यगृहांत गॅसचे दिवे लावीत असतांना रंगभूमीवर आग लागली. गॅसचा पुरवठा बंद करण्यांत आला आणि त्याबरोबर सारें गृह अंधारांत बुडालें. बाहेर पडण्याच्या वाटा लोकांस दिसेनात. तीनशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. याहूनही मनास लागणारी गोष्ट ही, कीं आंत माणसें कोंडलेलीं असतां बाहेर वरिष्ठांस 'सर्वांची सुटका झाली' अशी वर्दी देण्यांत आली होती. या तीन गोष्टी आम्ही मुद्दाम एकत्र सांगितल्या आहेत. पहिलीवरून तारेचें सामर्थ्य किती हें कळतें. दुसरीवरून शहाणा मनुष्य त्या सामर्थ्यावर कितपत विसंबतो हें कळतें. आणि तिसरीवरून, सर्व प्रकाश एकाच तोटीवर टांगला व न पडताळलेल्या वर्दीस सत्य मानलें म्हणजे काय होतें, हें कळतें. पुढील सर्व विवेचनास या तीन गोष्टींचाच आधार आहे.

विजेचे दिवे आल्यानंतर कित्येक दशकें रंगभूमीवरील तारांची रचना समजण्यास सोपी होती. ज्या दिव्याचें तेज कमीजास्त करावयाचें, त्याच्या डिमरपर्यंत त्याची स्वतःची संकेताची तार जाई. चाळीस दिवे असले तर चाळीस तारा, आणि त्यांचा मनगटाएवढा जाड जुडगा. हा जुडगा वाहतांना कामगारांच्या पाठी मोडत, हें खरें. पण त्यांत एक गुण होता. एक तार तुटली तर एक दिवा विझे, बाकीचे एकूणचाळीस जळत राहत, आणि दोष कोणत्या तारेंत आहे हें बोट ठेवून दाखवितां येई.

१९८६ सालीं अमेरिकेंतील 'युनायटेड स्टेट्स इन्स्टिट्यूट फॉर थिएटर टेक्नॉलॉजी' या संस्थेनें डीएमएक्स-५१२ नांवाची पद्धति ठरविली, आणि हा जुडगा नाहींसा झाला. या पद्धतींत एकाच पातळ तारेवरून ५१२ आंकडे एकामागून एक धांवत असतात. प्रत्येक आंकडा ० पासून २५५ पर्यंतचा असतो. साध्या दिव्याच्या बाबतींत ० म्हणजे पूर्ण अंधार आणि २५५ म्हणजे पूर्ण तेज. ओळींत बसलेला प्रत्येक दिवा आपल्या क्रमांकाचा आंकडा तेवढा उचलतो व बाकीचे पुढें जाऊं देतो. ५१२ आंकडे संपले कीं माळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि अशी पूर्ण माळ एका सेकंदांत सुमारें ४४ वेळां फिरते. या मूळ व्यवस्थेंत दिव्याकडून परत येणारा एकही शब्द नाहीं. आज्ञा मिळाली असें दिवा सांगत नाहीं, आणि ती कशी मिळाली हें त्यास कोणी विचारीत नाहीं. वाटेंत आंकडा बिघडला तर तो बिघडला आहे हें ओळखण्याची सोयसुद्धां त्या आंकड्यांबरोबर धाडलेली नसते.

प्रथमदर्शनीं ही पद्धति निष्काळजी वाटते. आपण एखादें महत्त्वाचें पत्र टाकलें तर पोंच मागतों. येथें तर सारा प्रयोग ज्या आंकड्यांवर अवलंबून, त्यांची पोंचच नाहीं! पण थोडा विचार केला असतां तिच्यांतील शहाणपण दिसूं लागतें. चुकलेला आंकडा एका सेकंदाच्या ४४ व्या हिश्शांत नव्या आंकड्यानें धुऊन निघतो. डोळ्यास ती चूक बहुधा दिसतच नाहीं, आणि दिसली तरी ती एक लकाकी असते. जपाच्या माळेंतील एखादा मणि बोटांतून निसटला तर साधक जप थांबवून त्याचा शोध करीत बसत नाहीं. पुढच्या मण्यावर तेंच नाम पुन्हा येणार असतें. जी आज्ञा इतक्या त्वरेनें आपली पुनरुक्ति करिते, तिला पोंचेची गरज उरत नाहीं. आणि विशेष हें कीं, ही सूट कोठपर्यंत घ्यावयाची याची मर्यादाही या पद्धतीच्या अधिकृत लेखांतच घातली गेली आहे. चूक पकडण्याची तजवीज यांत सक्तीची नसल्यामुळें धोक्याच्या कामास ही पद्धति योग्य नव्हे, असें तो लेख स्पष्ट सांगतो. दिव्याची लकाकी क्षम्य आहे. पण शोभेची दारू पेटविणारा किंवा मनुष्याच्या डोक्यावरून वजन हलविणारा आंकडा जर असा बिघडला, तर पुढचा बरोबर आंकडा येऊन काय उपयोग?

रंगभूमीवर हें चाललें असतां दुसरीकडे एक निराळेंच जाळें वाढत होतें. १९७३ सालीं कॅलिफोर्नियांतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ यानें संगणक एकमेकांशीं व छपाईच्या यंत्राशीं जोडण्यासाठीं 'इथरनेट'ची कल्पना मांडली. प्रकाश वाहून नेणारें म्हणून जें ईथर नांवाचें तत्त्व पूर्वींचे शास्त्रज्ञ मानीत, आणि मायकेलसन व मोर्ले यांच्या १८८७ सालच्या प्रयोगानें ज्याच्यावरील विश्वासास मोठा धक्का बसला, त्याचेंच नांव या तारेस मिळालें. मूळच्या इथरनेटचा शिष्टाचार मोठा घरंदाज होता. बोलण्यापूर्वीं दुसरा कोणी बोलत नाहीं ना, हें ऐकावें. दोघे एकदम बोलूं लागले तर दोघांनींही थांबावें. आणि दैव ठरवील तितका वेळ वाट पाहून पुन्हा बोलावें. कचेरींत हा शिष्टाचार शोभतो. कागद अर्धा सेकंद उशीरां छापला गेल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. पण गायकाचा सूर अर्धा सेकंद थांबूं शकत नाहीं. पुढें 'स्विच' नांवाचीं यंत्रें येऊन दोघांची टक्कर टळली, तरी गर्दींत पाकीट रांगेंत अडकण्याचा किंवा टाकून दिलें जाण्याचा संभव मुळींच नाहींसा झाला असें नाहीं.

अशा या कचेरींतल्या तारेस रंगभूमीवर आणण्याचे प्रयत्न नंतर अनेकांनीं केले. १९९६ सालीं ध्वनीसाठीं कोब्रानेट, १९९८ सालीं प्रकाशासाठीं लंडनच्या आर्टिस्टिक लायसेन्स या संस्थेचें आर्ट-नेट, २००६ सालीं ध्वनीसाठीं ऑस्ट्रेलियांतील ऑडिनेट कंपनीचें दान्ते, आणि २००९ सालीं प्रकाशसंकेतांसाठीं एक सर्वमान्य मानक, अशा पायऱ्यांनीं हें काम होत गेलें. आज मोठ्या नाट्यगृहांत गायिकेचा आवाज, वाद्यांचे सूर, दिव्यांचे आंकडे आणि पडद्यामागील माणसांचें परस्परांशीं बोलणें, हें सर्व एकाच जातीच्या तारेवरून वाहूं शकतें.

आतां येथें जो निर्णय घ्यावा लागला तो आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे. ध्वनीच्या एका सेकंदाचे बहुधा ४८,००० नमुने घेतात, ते लहान लहान पाकिटांत भरून तारेवर सोडतात, आणि दुसऱ्या टोकास ते ठरल्या क्षणीं वाजवितात. मधला अवधि पुष्कळदां एका सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाएवढा ठेवितात. तेवढ्या वेळांत हवेंतून ध्वनि सुमारें ३४ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या मापानें दीड वीत जातो. रंगभूमीपासून १७ मीटरवर बसलेल्या प्रेक्षकास गायकाचा स्वर हवेंतून पोंचण्यासच सेकंदाचा विसावा हिस्सा लागतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तारेनें केलेला विलंब किती क्षुद्र आहे हें कळेल. पण वाटेंत एखादें पाकीट हरवलें तर काय करावें? संगणकांच्या जगांत याचीं दोन उत्तरें आहेत. बँकेच्या हिशेबांत किंवा पत्रव्यवहारांत प्रत्येक पाकिटाची पोंच मागतात आणि न पोंचलेलें पुन्हा धाडतात. तेथें उशीर चालतो, गहाळ चालत नाहीं. रंगभूमीवर याच्या उलट आहे. हरवलेला सूर परत मागवून आणला तरी तोंपर्यंत गाणें पुढें गेलेलें असतें. उशीरां आलेलें सत्य येथें निरुपयोगी तर असतेंच, पण पुढच्या सत्याची जागाही तें अडवूं लागतें. म्हणून ध्वनीनें व प्रकाशानें, दोघांनींही, पोंच न मागण्याचा मार्ग पत्करला आहे.

यावरून कोणी असा सिद्धान्त काढील कीं, जेथें वेळेचें महत्त्व आहे तेथें आज्ञा करणारानें उत्तराच्या भानगडींत पडूंच नये. आज्ञा सोडावी आणि पुढें चालावें. आमच्या मते हा सिद्धान्त अर्धाच खरा आहे, आणि अर्धीं सत्यें सर्वांत अधिक फसवितात. दिव्याच्या बाबतींत उत्तर न मागणें न्याय्य ठरलें तें केवळ घाईमुळें नव्हे. तेथें चूक पुढच्याच क्षणीं दुरुस्त होते, आणि दुरुस्त झाली नाहीं तरी तिचें प्रायश्चित्त कोणाच्या देहास भोगावें लागत नाहीं. या दोन अटी जेथें नाहींत तेथें 'वेळ नव्हता' ही सबब आज्ञा करणाराच्या तोंडीं शोभत नाहीं.

या बाबतींत जुन्या, मनुष्यांच्या रंगभूमीनें घालून दिलेला पाठ यंत्रांहूनही अधिक उद्बोधक आहे. इंग्लंड-अमेरिकेंतील नाट्यगृहांत रंगमंच-व्यवस्थापक दिव्याच्या किंवा ध्वनीच्या माणसास आज्ञा देतो ती दोन भागांत देतो. प्रथम तो संकेताचा क्रमांक उच्चारून 'स्टँड बाय' म्हणजे 'तयार राहा' असें सांगतो. त्यावर त्या माणसानें 'तयार आहें' असें उत्तर द्यावयाचें असतें. मग नेमका क्षण आला म्हणजे 'गो' हा एकच शब्द येतो, आणि त्यास उत्तर नसतें. 'गो' हा शब्द संकेताखेरीज इतर कोणत्याही कारणानें तारेवर उच्चारावयाचा नाहीं, अशी शिस्त असते. एका शब्दाचें पावित्र्य राखण्यासाठीं बाकीचें सर्व बोलणें वळसा घेऊन केलें जातें. जेथें बोलणें शक्य नाहीं तेथें हेंच काम दिवे करितात. कामगारापुढें लाल दिवा लुकलुकूं लागतो, त्यानें कळ दाबली कीं तो स्थिर होतो, आणि आज्ञेच्या क्षणीं हिरवा लागतो. आमच्या नाट्यगृहांतील तीन घंटांचा अर्थही याहून फारसा निराळा नाहीं. पहिल्या दोन घंटा विचारण्यासाठीं असतात, तिसरी सांगण्यासाठीं. आणि पहिल्या दोन घंटांचा काळ ज्यानें पडद्यामागची तयारी पाहण्यांत घालविला नाहीं, त्यास तिसरी घंटा देण्याचा अधिकार नाहीं.

या रीतीचें मर्म कोणतें? उत्तर टाळलेलें नाहीं. तें आज्ञेच्या नंतरच्या जागेवरून उचलून आज्ञेच्या आधीं ठेविलें आहे. ज्या क्षणीं थांबणें शक्य नाहीं त्या क्षणाचें ऋण आधींच्या निवांत वेळांत फेडून टाकलें आहे. यंत्रांनींही पुढें हीच वाट धरली. २००६ सालीं डीएमएक्सच्या त्याच तारेवरून दिव्यांनीं उलट बोलावें अशी आरडीएम नांवाची तजवीज मानकरूपानें प्रसिद्ध झाली. तिच्या योगानें तारेवर कोण कोण बसलें आहे, कोणाचा क्रमांक कोणता, कोणास काय दुखतें, हें विचारतां येतें. हें विचारणें मुख्यतः तयारीच्या वेळचें. प्रयोग चालू असतां तें बंद ठेवणेंच कित्येक तंत्रज्ञ पसंत करितात. म्हणजे वीस वर्षांच्या अनुभवानें यंत्रविद्या जेथें येऊन पोंचली, तेथें लाल दिव्याजवळ उभा असलेला तो साधा कामगार आधींच उभा होता.

परंतु येथें एक आक्षेप उभा राहतो, व तो बाजूस सारण्यासारखा नाहीं. उत्तर आलें म्हणजे सर्व निश्चित झालें असें तरी कोठें आहे? पोंच ही एक वस्तु आहे आणि कार्यसिद्धि ही दुसरी. 'आंकडा मिळाला' म्हणणारें यंत्र 'दिवा लागला' असें म्हणत नाहीं, आणि दिवा लागला तरी त्याचा झोत ठरलेल्या पात्रावर पडला कीं रिकाम्या भिंतीवर, हें त्या यंत्रास ठाऊक नसतें. व्हिएन्नाच्या त्या रात्रीं वर्दी नव्हती असें नाहीं. वर्दी होती आणि ती खोटी होती. द्रोणाचार्यांच्या वधाची कथा वाचकांस परिचितच आहे. पुत्राच्या मरणाची वार्ता कानीं येतांच त्या वृद्ध आचार्यांनीं ती तशीच मानली नाहीं. ज्याच्या सत्यनिष्ठेविषयीं शंका नव्हती अशा युधिष्ठिरास त्यांनीं विचारलें. चौकशीचें कर्तव्य त्यांनीं केलें. पण उत्तराचा जो भाग सत्य सांगत होता तोच त्यांच्या कानापर्यंत नीट पोंचला नाहीं, आणि तो पोंचूं नये अशीच उत्तर देणाराची इच्छा होती. सारांश, उत्तर मागितल्यानें आज्ञा करणारा आपल्या भारांतून पूर्ण मोकळा होत नाहीं. तें उत्तर कोण देतो, काय पाहून देतो आणि खरें बोलण्यास तो मोकळा आहे काय, हेंही त्यानें पाहिलें पाहिजे. जो कामगार 'तयार नाहीं' असें म्हणतांच शिव्या खातो, त्याचें 'तयार आहें' हें उत्तर कवडीमोलाचें आहे. म्हणूनच चांगल्या नाट्यगृहांत सर्व तारा असूनही व्यवस्थापक रंगभूमीकडे डोळे लावून बसतो, आणि रंगभूमि थेट दिसत नसेल तर तिचें चित्र आपल्यापुढें आणवितो. डोळ्याचें काम पोंचेवर सोंपवितां येत नाहीं.

याहून एक सूक्ष्म प्रश्न आहे. आज्ञा येतच नाहींशी झाली तर पाळणारानें काय करावें? तार तुटली, संकेत थांबले; अशा वेळीं दिवे बनविणारांनीं बहुधा असा नियम ठेविला आहे कीं, शेवटची मिळालेली आज्ञा तशीच धरून ठेवावी, अथवा आधीं नेमून दिलेल्या स्थितीस जावें. हें योग्यच आहे. शेवटचा प्रकाश टिकून राहिला तर नट प्रवेश पुरा करूं शकतो, व प्रेक्षकांस कांहीं घडल्याचें कळतही नाहीं. पण जीं यंत्रें मनुष्यास उचलतात, रंगभूमीचा भाग वरखालीं करितात, तीं याच नियमानें चालतील तर अनर्थ होईल. 'वर जा' ही शेवटची आज्ञा धरून बसणारें यंत्र थांबणार केव्हां? म्हणून तेथें नियम उलटा असतो. चालकाचा हात कळीवर दाबलेला असेल तोंवरच हालचाल, हात सुटला कीं यंत्र थांबलें; आणि तत्काळ थांबविण्याची निराळी योजना, ती निराळी. एकाच छपराखालीं, एकाच रात्रीं, दोन सेवकांस दोन विरुद्ध धर्म शिकवावे लागतात: एकास सांगावें, माझा आवाज बंद झाला तर शेवटचें सांगितलेलें चालू ठेव, दुसऱ्यास सांगावें, माझा आवाज बंद झाला तर हातचें काम सोडून दे. कोणास कोणता धर्म शिकवावयाचा, याची कसोटी एकच: मौनांत चूक झाली तर तिचा भार कोणाच्या अंगावर पडेल.

आतां सर्व भार एका तारेवर घालण्याविषयीं. यांत पैसा वांचतो, पाठ वांचते, जागा वांचते. आणि या गोष्टी तुच्छ नाहींत. परंतु जुन्या जुडग्यांत एक तार तुटली तर एक दिवा जाई. आतां एक स्विच बंद पडला तर आवाज, प्रकाश आणि माणसांचें बोलणें हीं तिन्ही एकदम जाऊं शकतात, आणि ज्या तारेवरून मदतीस हांक मारावयाची तीच तुटलेली असते. यावर उपाय म्हणून जाणते लोक दोन स्वतंत्र जाळीं टाकतात. तींच पाकिटें दोहोंवरून जातात, आणि एक गेलें तरी दुसऱ्यावर प्रयोग निभावतो. सॅव्हॉयच्या मालकानें ठेविलेल्या गॅसचीच ही नवी आवृत्ति होय. पण ही दोन जाळीं एकाच नळींतून नेलीं व एकाच विजेच्या जोडणीवर लावलीं, तर तीं दोन नसून एकच होतात. आणि दोन आहेत या समजानें आलेला निश्चिंतपणा मात्र दुप्पट होतो. शिवाय एक अदृश्य तोटा आहे. पूर्वीं प्रत्येक तारेस धनी होता. आतां ध्वनीचा माणूस जाळ्याच्या माणसाकडे बोट दाखवितो, जाळ्याचा माणूस दिव्यांच्या माणसाकडे. कारण जाळें सर्वांचें, म्हणून कोणाचेंच नाहीं. तार एक करतांना जबाबदारीही एका माणसाच्या नांवें केली नाहीं, तर जुडग्याबरोबर तीही टाकून दिल्यासारखें होतें.

आणि जेथें माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे तेथें आमचें मत स्पष्ट आहे. नाट्यगृहांतील बाहेर पडण्याच्या वाटांचे दिवे, आगीची सूचना, वजनें थांबविण्याची कळ, या गोष्टी करमणुकीच्या तारेच्या आश्रितपणें राहूं नयेत. ज्या तारेनें 'थोडें हरवलें तरी चालेल' हा नियम पत्करला, ती तार आपल्या जागीं निर्दोष आहे. पण ज्याचें थोडेंही हरवून चालणार नाहीं तें तिच्या हवालीं करणें हा दोष तारेचा नव्हे, हवालीं करणाराचा आहे. व्हिएन्नांत गॅसची तोटी बंद करणें हें आगीपुढें कदाचित् योग्यच होतें. अयोग्य होतें तें, त्या तोटीवांचून दुसरा प्रकाश लोकांच्या वाटेवर नसणें.

रंगभूमीवरून दृष्टि काढून घराकडे व समाजाकडे वळविली तर हाच प्रश्न पदोपदीं भेटतो. वडील माणसें घरांत आज्ञा करितात आणि पुढच्या कामास लागतात. 'अभ्यास कर', 'वेळेवर ये', या आज्ञा दिव्याच्या आंकड्यांसारख्या आहेत. त्या रोज उच्चारल्या जातात, एखादी हरवली तरी दुसऱ्या दिवशीं पुन्हा येते, आणि घर चालतें. तेथें प्रत्येक शब्दाची पोंच मागणारा बाप घरास कचेरी करील. परंतु मुलाच्या आयुष्याची दिशा बदलणारी आज्ञा, कन्येच्या विवाहाचा निर्णय, वृद्ध मातेस परगांवीं हलविण्याचा बेत, या गोष्टी एकदांच घडतात व माघारीं घेतां येत नाहींत. तेथें आधीं 'तयार आहेस काय' असें विचारणें, आणि 'नाहीं' हें उत्तर ऐकण्याचें धैर्य ठेवणें, हाच धर्म. सरकारी कचेरींतून निघणाऱ्या परिपत्रकांचेंही असेंच आहे. तें खालच्या टेबलावर पोंचल्याची सही वरच्या टेबलावर येते, आणि त्या सहीसच काम झालें असें समजण्यांत येतें. आजकाल हातांतल्या फोनवर निरोप पोंचल्याच्या दोन खुणा उमटतात आणि धाडणाराचें मन निश्चिंत होतें. त्या खुणा इतकेंच सांगतात कीं निरोप त्या फोनपर्यंत गेला. तो मनापर्यंत गेला कीं नाहीं, आणि जेथें जावयाचा तेथें आधार झाला कीं ओझें झाला, हें विचारण्याचें काम अजून आपलेंच आहे.

तेव्हां उत्तर न मागणारी आज्ञा सर्वस्वीं निंद्य नाहीं. गाणें चालू ठेवावयाचें तर प्रत्येक सुराची पावती मागतां येत नाहीं. आणि ज्या संसारांत प्रत्येक शब्दाचा खुलासा द्यावा लागतो तो संसार फार दिवस टिकत नाहीं. पण हें न विचारण्याचें स्वातंत्र्य फुकट मिळत नाहीं. ज्यानें आधीं विचारून ठेविलें आहे, चूक झाल्यास ती भरून काढण्याची तजवीज केली आहे, तिचा भार दुसऱ्याच्या देहावर पडणार नाहीं असें पाहिलें आहे आणि आज्ञेनंतरही जो डोळे उघडे ठेवून बसला आहे, त्यालाच तें शोभतें. इतरांनीं आज्ञा करण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, आणि ज्याच्या हातून ती पार पडावयाची त्याच्या 'तयार आहें' या दोन शब्दांची वाट पाहावी. तेवढा विलंब कोणत्याही प्रयोगास सोसण्यासारखा असतो.